सोफा वाचवायचा तर आधी खांब रोवा

मांजर घरात रुळलं की एक वाद हमखास उभा राहतो आणि तो बहुधा सोफ्यावरून असतो. कोपऱ्याचं कापड पिंजून निघतं, आतला स्पंज डोकावू लागतो, पडद्यांचे धागे लोंबतात. मग घरातलं कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘याला आवरा, नाहीतर सोडून या कुठेतरी.’ माणसाळलेली, मांडीवर वाढलेली मांजरं एवढ्या एका कारणावरून मासळी बाजाराच्या कडेला सोडून दिलेली मी पाहिली आहेत. घरात वाढलेल्या जिवाला बाहेरची कुत्री, वाहनं आणि तिथली जुनी मांजरं यांच्यात टिकाव धरणं फार अवघड जातं. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही. इतका सोपा उपाय माहीत नव्हता म्हणून कुणाचं घर सुटावं, हे मनाला लागतं.

उपाय म्हणजे नखं घासायला खांब. दुकानात त्यालाच स्क्रॅचिंग पोस्ट म्हणतात. मात्र तो आणून कोपऱ्यात उभा केला की काम झालं, असं होत नाही. ‘आम्ही आणला होता हो, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही,’ हे मांजरवाल्या घरांतून नेहमी ऐकू येतं. अशा वेळी मांजराचा हट्ट हे कारण क्वचितच असतं. खांब आखूड असतो, डुगडुगतो, नाहीतर नको त्या जागी ठेवलेला असतो.

मांजर नखं का घासतं, हे आधी नीट कळायला हवं, कारण पुढचा प्रत्येक सल्ला त्यातूनच निघतो. मांजराचं नख थराथराने वाढतं. बाहेरचा थर जुना आणि बोथट झाला की तो गळून पडावा लागतो, तेव्हा खालचं टोकदार नख मोकळं होतं. खरखरीत जागी पंजा रुतवून ओढला की हा थर सुटतो. घर झाडताना कधी नखाच्या आकाराचं पोकळ, पातळ टरफल सापडलं तर घाबरू नका. नख तुटलेलं नसतं, फक्त सालपट निघालेलं असतं. मागच्या पायांची सालपटं मांजर दातांनी ओढून काढतं, त्यामुळे आपण ज्यावरून भांडतो ते ओरखडे पुढच्या पायांचे असतात.

दुसरं कारण खुणेचं. मांजराच्या पंजांत गंधग्रंथी असतात. पंजा घासला की तिथे ओरखडे उमटतात आणि वासही राहतो. तो आपल्या नाकाला कळत नाही, मांजराला मात्र स्पष्ट कळतो. अशा खुणा घरातल्या महत्त्वाच्या जागीच केल्या जातात. म्हणून माळ्यावरची जुनी चटई तशीच राहते आणि दिवाणखान्यातला सोफा फाटतो, कारण सगळं घर तिथे बसतं. तिसरं कारण शरीराचं. झोपेतून उठल्यावर मांजर पुढचे पाय लांब करून, नखं कुठेतरी अडकवून, पाठीपासून खांद्यांपर्यंत सगळे स्नायू ताणतं. त्यासाठी ओढली तरी न हलणारी वस्तू लागते, आणि तीन माणसांचा सोफा काही हलत नाही.

ही तिन्ही कामं मांजराला जन्मभर करावीच लागतात. ओरडून, मारून, पाणी उडवून ती थांबत नाहीत. शिक्षेतून मांजर एवढंच शिकतं की तुम्ही समोर असताना नखं काढायची नाहीत. तुम्ही कामावर गेलात की ते सोफ्याकडे वळतं, आणि वर तुमच्याविषयी भीती बसते ती वेगळीच. तेव्हा सोफ्यापेक्षा चांगली जागा देणं आणि तिची गोडी लावणं, एवढंच आपल्या हातात आहे.

खरेदीला निघण्यापूर्वी दोन-चार दिवस नुसतं बघा. मांजर उभं राहून ओरबाडतं की जमिनीवर पंजे पसरून? सोफ्याची बाजू, दाराची चौकट, पडदा यांवर खुणा असतील तर त्याला उभा खांब हवा. पायपुसणं, सतरंजी, गादीचा वरचा भाग कुरतडल्यासारखा दिसत असेल तर आडवी पाटी चालेल. काही मांजरांना दोन्ही लागतं. कापड कसलं आहे तेही पाहा. जाड विणीचं, नख रुतेल असं कापड त्यांना आवडतं. मखमलीसारख्या दाट, गुळगुळीत कापडाकडे ती सहसा कमी वळतात. नवा सोफा घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता खांबाविषयी सविस्तर, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच खांब हात-दीड हात उंच असतात, वर एक चेंडू लोंबत असतो. पिल्लाला ते चार महिने पुरतात. पूर्ण वाढलेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणतं तेव्हा त्याचे पंजे कितीतरी वर पोचतात, म्हणून खांब निदान 90 सेंमी, म्हणजे तीन फूट तरी हवा. पशुवैद्यकांनी चार हजारांहून अधिक मांजरपालकांना विचारून केलेली एक पाहणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही तीन फूट किंवा त्याहून उंच आणि दोर गुंडाळलेला खांब मांजरं जास्त वापरतात असं दिसलं. खांब वापरल्यावर मांजराला बक्षीस देणाऱ्यांच्या घरी त्याचा वापर अधिक होता, हेही त्यात नोंदवलं आहे.

उंचीइतकाच भक्कमपणा महत्त्वाचा. मांजर पूर्ण वजन टाकून ओढतं. तेव्हा खांब एकदा जरी कलला किंवा अंगावर आला तरी ते पुन्हा त्याच्याजवळ जायला कचरतं. दुकानात खांबाचा वरचा भाग धरून जोरात ओढून पाहा. हलला तर घेऊ नका.

दोर शक्यतो घायपाताचा घ्या. सिसल म्हणून जो विकतात तो घायपाताच्या जातीच्याच झाडाच्या पानांतल्या वाखाचा असतो. आपल्याकडे देशावर शेताच्या बांधावर कुंपण म्हणून घायपात दिसतो, तो पुष्कळांना माहीत असेल. हा दोर राठ आणि चिवट असतो, नख त्यात रुततं आणि सुटतंही. काथ्याचा सुंभही काही मांजरांना आवडतो, फक्त त्याचा भुसा जास्त पडतो. बारदान गुंडाळलेला खांबही चालतो. नायलॉनचा दोर मात्र नको. तो गुळगुळीत असतो आणि त्याचे सुटे धागे नखात अडकतात. बारीक सुतळीबाबतही सावध राहा. ती सैल होऊन लोंबली आणि मांजराने गिळली तर आतड्यात अडकू शकते, आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. दोर आणि बारदान घेताना वास घेऊन पाहा. तागाला आणि दोरांना कधी कधी खनिज तेल लावलेलं असतं. घासलेटासारखा वास आला तर तो माल तिथेच ठेवा.

घरी खांब करणं अवघड नाही, आणि माझ्या मते विकतच्या बऱ्याच खांबांपेक्षा तो टिकतोही जास्त. नळकामाच्या दुकानातून 110 मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप 90 सेंमी कापून आणा. बैठकीला 18 मिमी जाडीचा, 50 सेंमी लांब-रुंद प्लायचा तुकडा घ्या. पाइपात घट्ट बसेल असा लाकडाचा गोल ठोकळा सुताराकडून करून घ्या आणि तो प्लायच्या मधोमध खालून स्क्रूने पक्का करा. पाइप बसवण्याआधीच दोर गुंडाळायचा आहे. पाइप आडवा ठेवा, एका टोकाजवळ भोक पाडा, दोराचं टोक आत ओवून आतून गाठ मारा. मग फेव्हिकॉलचा पातळ हात देत एकेक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून घ्या. एकाने पाइप फिरवायचा आणि दुसऱ्याने दोर ताणून धरायचा, अशी दोन माणसं असली की काम झरझर होतं. शेवटचं टोकही भोकातून आत घेऊन गाठ मारा. स्टेपलच्या पिना आणि चुका कुठेही वापरू नका, पंजाला लागतात. 8 मिमी जाडीच्या दोराचे साधारण 112 वेढे बसतात आणि एका वेढ्याला 37 सेंमी दोर लागतो. म्हणजे 42 मीटरच्या आसपास. 45 मीटर आणला की चिंता नाही. 75 मिमीचा पाइप घेतलात तर 30-32 मीटरमध्ये भागतं, पण जाड पाइप जास्त स्थिर. सगळं एक दिवस वाळू द्या, पाइप ठोकळ्यावर चढवून तळाशी बाजूंनी स्क्रू मारा, खालच्या 30 सेंमीत कोरडी वाळू भरा आणि वर टोपण लावा. चार किलोंच्या आसपास वाळू बसते आणि खांब जागचा हलत नाही.

जागा नसेल, घर भाड्याचं असेल, तरीही अडत नाही. जेवणाच्या लाकडी टेबलाच्या एका पायाला खालपासून वरपर्यंत दोर गुंडाळा. आडवं ओरबाडणाऱ्या मांजराला काथ्याचं जाड पायपुसणं प्लायच्या फळीवर घट्ट बसवून द्या. पार्सलच्या नालीदार खोक्यांचाही उत्तम उपयोग होतो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा, पोकळ कडा वर येतील अशा एकमेकींना कणकेच्या खळीने चिकटवा आणि एका उथळ खोक्यात दाबून बसवा. पुठ्ठ्याचा चुरा होतो, पण तो झाडून टाकता येतो.

खांब कुठे ठेवायचा? जिथे नुकसान होतंय, नेमका तिथेच. सोफ्याच्या फाटलेल्या कोपऱ्याला लागून. घरातल्यांना हे पटत नाही, दिवाणखान्यात असा ठोंब्या खांब नको वाटतो, पण सुरुवातीला याला पर्याय नाही. महिनाभर मांजर नियमाने खांब वापरू लागलं की तो रोज थोडा-थोडा, बोट-दोन बोटं सरकवत हव्या त्या जागी नेता येतो. एकदम उचलून बाल्कनीत नेलात तर मांजर खांबामागे जाणार नाही, सोफ्याकडे परत येईल. दुसरा खांब झोपायच्या जागेजवळ असावा, कारण उठल्या-उठल्या अंग ताणायची वेळ चुकत नाही. एकाहून जास्त मांजरं असतील तर खांबही वेगवेगळ्या खोल्यांत विखरून ठेवा. दांडगा बोका एकाच खांबाजवळ ठाण मांडून बसला की गरीब मांजरी पुन्हा पडद्याकडे वळते.

त्याच वेळी सोफ्याचा तो कोपरा नकोसा करायचा. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली टेप पट्ट्यांनी लावा, किंवा जाड प्लास्टिक ताणून बसवा. पंजाला चिकट किंवा गुळगुळीत लागलेलं मांजराला आवडत नाही. नुसती चादर टाकणार असाल तर ती गादीखाली घट्ट खोचा. सैल चादरीत नख अडकतं आणि मांजर घाबरतं.

इथे एक कळकळीची विनंती. मांजराला दूर ठेवायला म्हणून सोफ्यावर नीलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या किंवा फिनेल वापरू नका. मांजराचं यकृत असे अनेक पदार्थ आपल्यासारखे पचवून बाहेर टाकू शकत नाही. अंगाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. मिरचीपूड तर डोळ्यांत आणि नाकात जाते. सोफा कितीही महागाचा असला तरी हे मोल देण्यासारखं नाही.

आता शिकवणं. मांजराचे पंजे धरून खांबावर घासून दाखवायचे नाहीत. हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो आणि तो उलटतो. पकडून ठेवलेलं मांजराला मुळीच सहन होत नाही, आणि ती नावड खांबाला चिकटते. त्याऐवजी खेळ वापरा. काठीला दोरी आणि पीस बांधलेलं खेळणं घ्या, मांजर रंगात आलं की ते खांबाच्या पायथ्यापासून वर सरकवत न्या. पीस पकडायला ते उडी घेतं, पंजे दोरात रुततात आणि ‘अरे, इथे पकड चांगली बसते’ हे त्याचं त्यालाच कळतं. त्या क्षणी खाऊ द्या. उकडलेल्या कोंबडीचा किंवा माशाचा चिमूटभर तुकडा पुरे. मीठ, कांदा, लसूण त्यात नको. कांदा-लसूण मांजराला विषारी असतो. खाऊ लगेच, एक-दोन सेकंदांत मिळायला हवा. स्वयंपाकघरात जाऊन आणेपर्यंत मांजर दुसऱ्या कामाला लागलेलं असतं आणि बक्षीस कशाचं ते त्याला उमगत नाही. म्हणून छोटी डबी खांबाजवळच ठेवा. खेळून झालं की खेळणं उचलून ठेवा, दोरीसकट पडू देऊ नका.

दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं असं खेळणं पुरतं. योग्य वेळा साधल्या तर अजून लवकर जमतं. दुपारच्या झोपेतून उठल्यावर, जेवणाआधी, आणि तुम्ही बाहेरून घरी आल्यावर मांजराला नखं काढायची ऊर्मी असते. दार उघडताच ते सोफ्याकडे धावतं, तो खरं म्हणजे आनंद असतो. बॅग खाली ठेवण्याआधी खांबाजवळ जा, बोटांनी दोर खरवडून आवाज करा. बरीच मांजरं त्या आवाजाने येतात आणि तुमच्या शेजारी उभी राहून नखं काढू लागतात. सोफ्यावर रंगेहाथ सापडलं तर आरडाओरडा न करता खेळणं हलवा, लक्ष वळवा, खांबापर्यंत न्या आणि तिथे घासलं की शाबासकी द्या. घरातल्या सगळ्यांनी हे एकाच पद्धतीने करायला हवं. आई खाऊ देते आणि दादा चप्पल फेकतो, अशाने काही साध्य होत नाही.

वासाचीही मदत घेता येते. कॅटनिपची वाळलेली पानं दोरावर चोळली की पुष्कळ मांजरं खांबाला अंग घासतात, लोळतात. हा अंमल दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. साधारण तिसरा हिस्सा मांजरांवर कॅटनिपचा परिणाम होतच नाही आणि लहान पिल्लांवरही होत नाही. तुमचं मांजर त्यांतलं निघालं तर निराश होऊ नका. आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागी खोकली नावाचं तण उगवतं. तिच्या ताज्या मुळाच्या वासानेही मांजरं अशीच धुंद होतात. तण नक्की ओळखता येत असेल तरच मूळ धुऊन खांबावर चोळावं आणि मग उचलून टाकावं. झाड किंवा पाला खायला द्यायचा नाही.

पिल्लू असेल तर पहिल्या दिवसापासूनच खांब समोर असू द्या. पाच-सहा आठवड्यांची पिल्लं नखं घासू लागतात, आणि तेव्हा जे पायाला सापडतं त्याचीच सवय लागते. रस्त्यावरून आणलेलं मोठं मांजरही शिकतं, थोडा अधिक वेळ घेतं इतकंच. त्याला झाडाच्या सालीची सवय असते. बागेतलं शेवग्याचं किंवा आंब्याचं वाळलेलं जाड खोड कीड-वाळवी पाहून, उन्हात तापवून, भक्कम बैठकीवर बसवलं तर ते दोरापेक्षा लवकर ओळखीचं होतं.

दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापत गेलात तर नुकसान आणखी कमी होतं. पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं. आत गुलाबी भाग दिसतो, तिथे रक्तवाहिनी असते. त्याच्या बरंच पुढे, फक्त पांढरं टोक मांजराच्या कात्रीने उडवायचं. एका बैठकीत सगळी कापलीच पाहिजेत असं नाही, आज दोन आणि उद्या तीन चालतील.

नखं कायमची काढून टाकायची शस्त्रक्रिया असते का, असं काही जण विचारतात. तिच्यात प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर हाडासकट कापतात. मांजर आयुष्यभर त्या तुटक्या बोटांवर चालतं. ब्रिटनसह युरोपातल्या अनेक देशांत ती बेकायदा आहे, 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्यानेही तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे प्राण्यांचे अवयव छाटणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हा विचार मनातून काढून टाका.

खांब नीट वापरणारं मांजर अचानक भिंती, दारं, खिडकीजवळचे पडदे ओरबाडू लागलं तर काय बदललं ते शोधा. बाहेर नवा बोका फिरतोय का, घरात बाळ किंवा पाहुणे आलेत का? गणपतीत घर माणसांनी भरतं, ढोल वाजतात, दिवाळीत फटाके फुटतात. अशा दिवसांत मांजर स्वतःच्या वासाच्या जागा शोधतं. सजावटीसाठी खांब हलवू नका, उलट ज्या शांत खोलीत ते लपतं तिथे आणखी एक ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत दुसरा घोटाळा होतो. उसवलेला, केसाळ झालेला खांब कुरूप दिसतो म्हणून फेकला जातो किंवा साबणाने धुतला जातो. आपल्याला तो जुनाट वाटतो, मांजराचा मात्र सगळा वास त्यात मुरलेला असतो आणि तो त्याच्या मनासारखा झालेला असतो. दोर अगदीच सुटला तर नवा खांब जुन्याशेजारी उभा करा, मांजर नव्यावर नियमित जाऊ लागलं की मगच जुना काढा. किंवा फक्त सुटलेल्या पट्ट्यातला दोर बदला, बाकीचा तसाच ठेवा.

दहा वर्षांच्या पुढच्या मांजराकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. सांधे दुखू लागले की ते उभं राहून ताण देत नाही, म्हणून त्याला जमिनीलगत आडवी पाटी आणि मऊसर, गालिच्यासारखा पृष्ठभाग द्या. घासणं कमी झालं की नखं जाड होत वळतात आणि बोटाच्या गादीत रुतू शकतात. दर पंधरा दिवसांनी पंजे उलटून बघा. वर्षानुवर्षं खांबावर जाणाऱ्या मांजराने ते एकाएकी सोडून दिलं, किंवा एकाच पंजाने घासू लागलं, तर पशुवैद्याला दाखवा. तिथे दुखणं असण्याची शक्यता मोठी असते.